हवालदार हेडाऊंचे एक्केचाळीस शब्द

फौजेतल्या माणसाला किती नावं असतात आणि त्यातलं कोणतं नाव का पडलं, हे नागपूर जिल्ह्यात माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असेल तर त्यानं समोर यावं! असं मी भारतीला म्हणाले. अगदी ह्याच शब्दांत म्हणाले. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आधी माझी ओळख सांगते. मी प्रेमिला चंद्रभान हेडाऊ. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर, मागाच्या खटखटाटात वाढलेली. तीस वर्षं अंगणवाडीत काढली. नवरा फौजेत हवालदार होता, तीन वर्षांपूर्वी गेला. राहते वाडीला, अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत, जिथं घरं कमी आणि ट्रान्सपोर्टची गोदामं जास्त. दिवसभर ट्रक मागे घेतात आणि मागे घेताना त्यांचं ते गाणं वाजतं. हे गेले त्या वर्षी मी प्रत्येक गाण्याला दार उघडून पाहायची, कोण आलं म्हणून. आता नाही पाहत. आणि हो, लिहिते आहे म्हणून शुद्ध लिहिते. तोंडानं सांगितलं असतं तर मले-तुले आलंच असतं. मध्येच राग आला तर येईलही, तेवढं चालवून घ्या.

मुलगा पंकज पुण्यात असतो. रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतली का, दार नीट लावत जा. तीन प्रश्न, तीन उत्तरं, की त्याला दुसरा फोन येतो. सून दिपाली स्वभावानं फार चांगली, हे मी कोणालाही सांगेन. बटाट्याची भलती आवड तिला. इथं आली की मी केलेल्या प्रत्येक भाजीत, आमटीत, अगदी वरणातसुद्धा एक कच्चा बटाटा सोडून देते. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्यासाठी गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या केल्या. पुण्याकडे कुरडया म्हणतात. गच्चीवर एकटीनं सोऱ्या दाबून दाबून खांदा धरला, पण पत्र्याचा मोठा डबा गच्च भरून दिला. डबा दिवाणाखाली राहिला. विसरला, म्हणे. एवढा मोठा डबा माणूस कसा विसरतो हे मला समजलं नाही, पण मी विचारलं नाही. आपण विचारावं आणि समोरच्यानं खरं सांगून टाकावं, त्यापेक्षा डबा दिवाणाखाली बरा.

तर शब्दांचं असं झालं. आमच्या शेजारच्या रुख्माबाईचा नवरा पण फौजेत. तो सुट्टीवर आला की कॅन्टीनमधून कुकर आणायचा, मिक्सर आणायचा, एकदा तर पोराला सायकल आणली. आमचे हे यायचे एक काळी ट्रंक आणि एक शब्द घेऊन. कारण बाकी काही सांगायची त्यांना बंदी. कुठं असता, विचारलं तर म्हणायचे, छप्पन एपीओ. पत्रावरही तेच. लग्नानंतर दोन वर्षं मी ते गावच समजत होते. अंगणवाडीतल्या नकाशात शोधलं, सापडेना, तेव्हा वाटलं लहानसं खेडं असेल. ते फौजेचं टपालखातं निघालं. काय करता, विचारलं तर म्हणायचे, ड्यूटी. आता दीड-दोन महिन्यांची सुट्टी, समोर नवी बायको, आणि माणसाला बोलायला ड्यूटी सोडून काही नाही. मग एका संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या हे म्हणाले, "प्रेमिला, रंगरूट काहून म्हनतात मालूम हाये का तुले?"

मला कुठलं मालूम असणार! त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि ऐकलेलं वाया जाऊ नये म्हणून अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात लिहून ठेवलं. पोलिओच्या डोसाच्या पानामागे. पुढच्या सुट्टीत दुसरा शब्द. मग तिसरा. शिपायाचं हे नाव, त्या मुलखातल्या शिपायाचं ते नाव, आळशी असला तर अमुक, जास्त जेवला तर तमुक. दर सुट्टीला मी स्टेशनवरून येतानाच विचारायची, यावेळी कोणता आणला? रिटायर झाले तोवर रजिस्टरात एक्केचाळीस शब्द भरले होते. त्यानंतर मात्र एकही नाही. मी खूप मागे लागले. साठा संपला, म्हणाले. पंधरा वर्षं इथल्याच एका गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसले, घरी आले की जेवले, दोन तांबे पाणी प्यायले आणि आडवे झाले. दोन तांबे पाण्यालाही शब्द होता, तो पुढे येईलच.

हे गेल्यावर ते रजिस्टर मी रोज वाचते. टीव्ही पण चालू ठेवते, पण तो आवाजापुरता.

आता भारती. भारती आमच्या भजनी मंडळातली, तिचा नवरा इथल्या माजी सैनिक संघटनेचा सचिव. त्यांच्या मेळाव्यात "सैनिकाची नावे: उगम आणि अर्थ" असं एका प्राध्यापकाचं भाषण ठरलं होतं. प्राध्यापकाला आयत्या वेळी डेंग्यू झाला. भारती भजनाच्या मध्येच रडकुंडीला आली, की आता कार्यक्रमपत्रिका तर छापून झाली. आणि मी ते वर सांगितलेलं वाक्य बोलून गेले. खरं सांगू का? तीन वर्षांत कोणी मला जेवलीस का सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं. कोणी पंधरा मिनिटं समोर बसून माझं ऐकणार, एवढ्यावरच मी भुलले.

फ्लेक्स करणारा गोलू. त्याच्याकडे सगळे फ्लेक्स पुढाऱ्यांचे आणि वाढदिवसांचे. त्याला माझं नाव फार उघडं-बोडकं वाटलं, म्हणून त्यानं पुढे "डॉ." लावून दिलं. मागे नेहमीचा सूर्योदय, एका कोपऱ्यात रणगाडा, दुसऱ्या कोपऱ्यात मी, फोटो मतदार ओळखपत्रावरचा. मी गोलूला फोन केला तर म्हणाला, काकू, मिटवायला गेलो तर रणगाडापण जाईल.

रविवारी सकाळी अकराला मेळावा. वाडीतलंच मंगल कार्यालय. दीड-दोनशे माणूस, सगळे माजी फौजी, कोणाच्या छातीवर पदकं, कोणाच्या डोक्यावर कानटोपी. मी पोहोचायच्या आत तिघं जण एक्स-रे घेऊन उभे. एकानं गुडघा दाखवला. मी म्हटलं, मी तसली डॉक्टर नाही. तो म्हणाला, मग दाताच्या का? दुसऱ्याला मी बीपीची गोळी वेळेवर घ्यायला सांगितलं, कारण पंकज मला तेच सांगतो. तो समाधानानं गेला.

पाहुणे म्हणून एक रिटायर कर्नलसाहेब होते, उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मऊ. त्यांनी स्वतः उठून मला माइक दिला. मी रजिस्टर उघडलं, समोर पाहिलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "मुलांनो, हाताची घडी."

त्या मुलांमधला सगळ्यात लहान अठ्ठावन्न वर्षांचा असेल. पण फौजी तो फौजी. दीडशे जणांनी घडी घातली.

मला तर हुरूपच आला. म्हटलं, म्हणा, रं-ग-रू-ट. सगळे म्हणाले, रं-ग-रू-ट. मग मी सांगितलं. नवीन भरती झालेल्या पोराला पहिल्या दिवशी बंदूक देत नाहीत, चुन्याची बादली देतात आणि रस्त्याकडेचे दगड रंगवायला लावतात. ज्या रूटनं रंग देत देत तो साहेबाच्या बंगल्यापर्यंत जातो तो रंगरूट, आणि त्यावरून त्या पोरालाही रंगरूट. सभागृह हसलं. हसलं म्हणजे एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसलं. मला वाटलं, काय रंगतंय आपलं भाषण!

मग मी गणपत घेतला. मराठी जवानाला फौजेत गणपत म्हणतात. हजेरी घेणाऱ्या गोऱ्या साहेबाला आपली नावं उच्चारता येईनात, एक गणपत तेवढा जमला, तर त्यानं सगळ्या लाइनीलाच गणपत करून टाकलं. पुन्हा हशा. मग भिश्ती. उंच पहाडावर राहिलेल्या जवानाला जेवताना दोन तांबे पाणी प्यायची सवय लागते, ती घरी आल्यावरही सुटत नाही, अशा जवानाला भिश्ती म्हणतात. इथं जरा कुजबूज झाली. पहाडावर राहिलेले बरेच होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग मी थंबी घेतला आणि फसले. दक्षिणेकडच्या जवानाला थंबी म्हणतात, हे खरं. का म्हणतात? तर त्यांच्यातल्या पहिल्या जवानाला सही येत नव्हती, त्यानं भरतीच्या कागदावर अंगठा उठवला, आणि अंगठ्याला इंग्रजीत थंब म्हणतात. मी म्हटलं, म्हणा, थं-बी. कोणी म्हणेना. दुसऱ्या रांगेतून काळेसावळे, टापटीप कपड्यातले एक सुभेदारसाहेब सावकाश उठले.

"अम्मा," ते म्हणाले, "मैं बीए हूँ."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. त्यांची थोरली बहीण आजही त्यांना तंबीच म्हणते. ते नागपुरात चाळीस वर्षं राहिले, इथं घर बांधलं, आणि अंगठा त्यांनी आजवर कुठंच उठवला नाही. एवढं सांगून ते बसले नाहीत, उभेच राहिले.

कर्नलसाहेब लगबगीनं उठले, माइक हळूच आपल्याकडे घेतला आणि सांभाळून घ्यायला गेले. पण सांभाळताना त्यांना खरं सांगावं लागलं. रंगरूट हा इंग्रजी रिक्रूट शब्दावरून आलाय. भिश्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. गणपत कुठून आला हे नक्की कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा त्याला अर्धा मार्क द्या. लोक पुन्हा हसले. पण आता मला कळलं होतं की ते कशाला हसत होते.

मी म्हटलं, साहेब, हे मी मनानं नाही सांगत, माझ्या नवऱ्यानं सांगितलंय, बावीस वर्षं फौजेत होते. हे सगळं लिहिलेलं आहे. कर्नलसाहेबांनी रजिस्टर चाळलं. एकेक शब्द वाचायचे, मिशीत हसायचे आणि मान हलवायचे. मध्येच पोलिओच्या डोसाचं पान आलं, तेवढं बरोबर निघालं. शेवटी ते कुरोडीवर थांबले.

मी लिहिलं होतं, बर्फात झोपायच्या थैलीत अंग मुडपून पडलेला जवान कुरोडीसारखा दिसतो, म्हणून अख्ख्या फौजेत त्याला कुरोडी म्हणतात. कर्नलसाहेब माझ्याकडे पाहून अगदी मायेनं म्हणाले, "ताई, चौतीस वर्षं नोकरी केली. हा शब्द मी कुठंच ऐकला नाही. हवालदारसाहेबांनी तुमची गंमत केली असेल."

सांगायला लाज नाही, मी रजिस्टर त्यांच्या हातून ओढूनच घेतलं. हसं झालं याचं मला काही नव्हतं, अंगणवाडीत रोज होतं. पण ह्या माणसाचं माझ्याजवळ दुसरं होतं काय? बावीस वर्षांच्या नोकरीत सगळ्या सुट्ट्या मिळून जेमतेम पाच वर्षं माझ्या वाट्याला आला. त्या पाच वर्षांत जे बोलला ते ह्या रजिस्टरात. तेच खोटं असेल तर मग मी इतकी वर्षं वाट कोणाची पाहिली?

आणि मग मला आला राग. शुद्ध मराठी गेली तेल लावत. "माह्या नवऱ्याले खोटं बोलता येत नोहतं," मी म्हटलं. "मले काहून फसवन तो? बावीस वर्षं काहून फसवन?" माइक चालू होता. पार मागे आचाऱ्यांच्या हातातले झारेसुद्धा थांबले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेमागून आवाज आला, "हा शब्द हाये साहेब. मी सोता कुरोडी होतो."

एक किडकिडीत म्हातारा, गळ्यात मफलर, हातात रिकामं ताट. जेवणाच्या लाइनीत पहिला नंबर लावून उभा होता बहुतेक. ताटासकट तो पुढे आला, कर्नलसाहेबांना सॅल्यूट केला आणि मला म्हणाला, "वहिनी, मी नागसेन. मौद्याचा. चंद्रभानच्या सेक्शनात होतो." हे त्याचं नाव घ्यायचे, मी ओळखलं. पोराकडे सुरतला राहत होता, हे गेल्याचं त्याला वर्षभरानं कळलं. फ्लेक्सवर हेडाऊ वाचून आज आला, पण डॉक्टर पाहून त्याला वाटलं दुसऱ्या कोणी असतील.

त्यानं जे सांगितलं ते असं. एका हिवाळ्यात हे अकरा जण बर्फातल्या एका चौकीवर पाच महिने होते. कुठं, ते नाही सांगितलं, आजही नाही. आमच्या ह्यांच्या ट्रंकेत मी दिलेला कुरोड्यांचा डबा होता. बाकीचे म्हणाले, तळा. हे म्हणाले, तेल पुरत नाही, वास घ्या. मग रोज संध्याकाळी झाकण उघडायचं, डबा अकरा हातांतून फिरायचा, प्रत्येकानं वास घ्यायचा आणि झाकण बंद. पंजाबचा एक जण म्हणायचा, हा माझ्या आईच्या गच्चीचा वास आहे. वास घेतल्यावर एखादा गप्प होऊन भिंतीकडे पाहत बसला, की बाकीचे म्हणायचे, राहू द्या त्याला, तो कुरोडी झाला. आज कोण कुरोडी, उद्या कोण कुरोडी. सगळ्या फौजेत नाही, पण त्या अकरा जणांत तो शब्द पेन्शनीपर्यंत चालला.

"अन् बाकीचे चाळीस?" मी विचारलं.

नागसेन ताटाशी खेळायला लागला. म्हणाला, चंद्रभान सुट्टीवर निघाला की त्याच्यापाशी घरी सांगायला काही नसायचं. जे होतं ते सांगायचं नाही, आणि नुसतं गप्प बसलं तर वहिनीला वाटेल इतक्या दिवसांनी आला आणि बोलत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून सगळं सेक्शन मिळून एक शब्द बनवायला बसायचं. नाव खरं, गोष्ट बनवलेली. रंगरूटची बिहारच्या जवानानं बनवली. आणि ती अंगठ्याची तर मदुरैच्या लान्स नायकानंच बनवली होती, आणि स्वतःच लोळून लोळून हसला होता.

सुभेदारसाहेब अजून उभेच होते. "मदुरैवाला?" ते म्हणाले. "फिर ठीक है." आणि बसले.

मी मात्र खुर्ची धरून उभी होते. रिटायर झाल्यावर साठा का संपला, ते मला आत्ता कळत होतं. पंधरा वर्षं तो माणूस गोदामाच्या फाटकावर एकटा बसला होता. शब्द बनवायला दहा जण लागायचे, आणि ते दहा जण दहा गावांना जाऊन पडले होते. मला वाटायचं, ह्यांना आता माझ्याशी बोलायचा कंटाळा आला.

नागसेननं विचारलं, "वहिनी, पलटन सांगितला होता का त्यानं?"

सांगितला होता. मी पान काढून वाचलं. बराकीत माणसं एका लाइनीत झोपतात. एकाला घरची आठवण आली की तो कूस पालटतो. मग त्याच्या बाजूचा पालटतो, मग त्याच्या बाजूचा. सकाळपर्यंत सगळी लाइन पालटून होते, म्हणून तिला पलटण म्हणतात.

कोणी हसलं नाही. कर्नलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "हा पण इंग्रजीतूनच आलाय ताई. पण राहू द्या. हा असाच राहू द्या."

"हा आमी नाही बनवला," नागसेन म्हणाला. "हा त्याचा एकट्याचा."

बडा खाना झाला. वाढपी मला आग्रह करत होते, गुडघेवाले पुन्हा आले, सुभेदारसाहेबांनी त्यांच्या बहिणीशी फोनवर माझं बोलणं करून दिलं. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर समजलं नाही, तरी पाच मिनिटं बोललो. पंकजच्या फोनपेक्षा ते जास्त झालं. आणि माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं. अकरा माणसांनी पाच महिने माझ्या कुरोड्यांचा नुसता वास घेतला, चव कोणीच घेतली नाही! मी नागसेनभाऊंना म्हटलं, मौद्याची बस चारची ना, मग घरी चला. डबा आहे. तेलही आहे.

घरी आल्याबरोबर दिवाणाखालून डबा ओढला. मागच्या उन्हाळ्यानंतर प्रथमच दोन ताटल्या काढल्या. कढईत कुरोडी फुलली की काय सुंदर दिसते! परातभर तळल्या. नागसेनभाऊंनी आधी डब्याचं झाकण उघडून डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मी त्यांना गप्प बसू दिलं. मग त्यांनी एक कुरोडी मोडून तोंडात टाकली.

चावता चावता थांबले. पाण्याचा पेला उचलला, रिकामा केला. दुसरा तुकडा घेतला. पुन्हा पाणी मागितलं. मी तांब्याच आणून ठेवला, तो पण संपला.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "एक सांगू काय? राग नका मानू. तेल होतं."

मला समजेना. चौकीवर तेल होतं, ते म्हणाले. लय होतं, पिंपंच्या पिंपं होती. सगळे चंद्रभानच्या मागे लागले होते, की तेल असून काहून नाही तळत? त्यानं कोणालाच सांगितलं नाही, एकट्या नागसेनला कोपऱ्यात घेऊन सांगितलं आणि शपथ घातली.

"तो म्हने, माह्या बायकोचा मिठाचा हात लय सुटा हाये. तळून खाल्ल्या त हे समदे हसतीन तिले. वास घेऊ दे फक्त. वास लय चांगला येते."

मी एक कुरोडी तोंडात टाकली. मला तर बरोबर लागली.

पण मग बसल्या जागी एकेक आठवायला लागलं. दिपालीचा तो बटाटा. दिवाणाखाली विसरलेला डबा. अंगणवाडीतली पोरं, खिचडी खाल्ली की नळावर पळायची, मी म्हणायची ऊन किती आहे! आणि इतकी वर्षं जेवताना दोन तांबे पाणी पिणारा माझा नवरा. त्याला एकदा तोंडानं म्हणता येत नव्हतं, की प्रेमिला, मीठ जास्त झालं? तर बसला आपला पहाडाची सवय सांगत.

चार वाजत आले. नागसेनभाऊ उठले. डब्यातल्या कच्च्या कुरोड्यांतल्या अर्ध्या पिशवीत बांधून द्या, म्हणाले. मी चिडूनच विचारलं, आता कशाला, खायला?

"नाही," ते म्हणाले. "वास घ्याले."

ते गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत मी पाहत उभी राहिले, मग आत आले. एका ताटलीऐवजी दोन घासल्या. संध्याकाळी पंकजचा फोन आला. जेवलीस का, गोळी घेतली का, हे झालं. मी म्हटलं, पंकज, खरं सांग, माझ्या हातचं खारट असतं का रे? तो म्हणाला, आई, मी मीटिंगमध्ये आहे, पुढच्या रविवारी बोलू. आजही रविवारच होता.

मी रजिस्टर काढलं. एक्केचाळीस शब्दांपैकी चाळीस तसेच ठेवले, कर्नलसाहेब काही म्हणोत. फक्त भिश्तीच्या पुढचं खोडलं आणि नव्यानं लिहिलं: ज्याच्या बायकोचा मिठाचा हात सुटा असतो आणि जो तिला तसं सांगत नाही, अशा जवानाला भिश्ती म्हणतात.

बाहेर कुठला तरी ट्रक मागे येत होता, गाणं वाजवत. परातीत कुरोड्या उरल्या होत्या. टाकवल्या नाहीत, म्हणून दार बंद करून एकटीनंच खाऊन टाकल्या. मग उठले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक. तुम्हाला म्हणून सांगितलं. दिपालीला सांगू नका.